केबल कुटुंबाची फिर्याद

न्यू साउथ वेल्समधील ज्या बंदी कुटुंबांच्या आगमनाचे स्मरण त्यांचे वंशज अभिमानाने करतात, त्यांत हेन्री केबल व सुझॅना होम्स यांचे कुटुंब विशेष प्रसिद्ध आहे. या स्मरणाचा भर बहुधा 'पहिल्या ताफ्या'तील प्रवासावर असतो. वस्तुतः या कुटुंबाचे महत्त्व जुलै १७८८ मधील एका दाव्यात आहे.

घरफोडीबद्दल हेन्रीस १७८३ मध्ये व चोरीबद्दल सुझॅनास १७८४ मध्ये थेटफर्ड येथे देहदंड फर्मावण्यात आला; पुढे त्याचे रूपांतर १४ वर्षांच्या हद्दपारीत झाले. नॉर्विचच्या तुरुंगात १७८६ मध्ये त्यांना पुत्र झाला. प्लिमथ येथे बंदिनौकेच्या अधिकाऱ्याने अर्भकास घेण्याचे नाकारले. तेव्हा जॉन सिम्प्सन नावाचा तुरुंगाधिकारी ते मूल घेऊन थेट लंडनला गेला आणि गृहमंत्री लॉर्ड सिडनी यांच्याकडून त्याने तिघांना एकत्र पाठविण्याची आज्ञा मिळविली. (इतिहासाने या माणसाची घ्यावी तितकी दखल घेतलेली नाही.) हकीकत सर्वतोमुखी होऊन वर्गणी जमली व २० पौंडांचे सामान 'अलेक्झांडर' जहाजावर चढविण्यात आले.

२६ जानेवारी १७८८ रोजी ताफा सिडनी कोव्ह येथे स्थिरावला. १० फेब्रुवारीस पाद्री रिचर्ड जॉन्सन यांनी उभयतांचा विवाह लावला. सामान मात्र हाती आले नाही. दांपत्याने जहाजाचा कप्तान डंकन सिंक्लेअर याच्यावर फिर्याद केली. आता, देहदंड झालेला अपराधी इंग्रजी कायद्याच्या दृष्टीने मृतवतच. त्यास दावा लावण्याचा अधिकार नव्हता. तथापि डेव्हिड कॉलिन्स यांच्या न्यायालयाने १५ पौंडांची भरपाई देवविली. फिर्यादीत वादींचा उल्लेख बंदी म्हणून नव्हे, तर त्या स्थळाचे नवे रहिवासी म्हणून आहे. यात निव्वळ औदार्य पाहणे भाबडेपणाचे होईल. ज्या वसाहतीत बहुसंख्य लोक शिक्षा झालेले, तेथे त्यांना कायद्याने मृत मानून कोणताच व्यवहार चालला नसता.

पुढे हेन्री मुख्य शिपाई झाला, १८०२ मध्ये ते पद गमावून बसला, आणि सीलच्या कातड्यांच्या व्यापारात संपन्न झाला. सुझॅना १८२५ मध्ये व हेन्री १८४६ मध्ये निवर्तला.

ज्या कायद्याने एका अपराध्याचा गाठोड्यावरील हक्क सहा महिन्यांत मान्य केला, त्याच कायद्यास तेथील मूळ रहिवाशांचा भूमीवरील हक्क मान्य करण्यास १९९२ सालचा माबो खटल्याचा निर्णय यावा लागला. ताफ्याच्या आगमनास १५० वर्षे झाली त्या दिवशी, २६ जानेवारी १९३८ रोजी, या रहिवाशांच्या वंशजांनी सिडनीत शोकदिन पाळला होता.