अवजार आणि पाटी : आपल्या समाजाच्या शिक्षणाचे दोन मार्ग



दहावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरकडील आपल्या घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो. मुलास अकरावीस घालावे की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये? गुण चांगले असतील तर हा प्रश्न कोणी विचारीतही नाही. गुण कमी पडले म्हणजे मात्र "जाऊ द्या आता आय.टी.आय.ला" असे खालच्या आवाजात म्हटले जाते. हा आवाज खाली का आला, याचा थोडा इतिहास प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे.

आपला समाज सुताराचा. औत, तिफण, वखर आणि गाडी ही आपल्या वाडवडिलांची निर्मिती. त्याचा मोबदला वर्षाकाठी खळ्यावर ज्वारीच्या रूपाने मिळे. यास बलुते म्हणत. बलुत्यात पोट भरे, परंतु त्यात निवड नव्हती. सुताराच्या पोटी जन्मलेल्याने वाकस आणि रंधा हाती घ्यावयाचा, हे पाळण्यातच ठरलेले असे. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ दूर हैदराबादेस. खेड्यातील मराठी सुताराच्या पोरास ते स्वप्नातही दिसत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५० साली, आपल्यासाठी दोन दारे उघडली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढले. हे पहिले दार. दुसरे दार म्हणजे भारत सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना. तीही १९५० चीच. आजच्या आय.टी.आय. तिच्यातूनच वाढल्या. पुढे १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला आणि कारखान्यांत विद्यावेतन घेऊन काम शिकण्याची सोय कायद्याने झाली.

आपल्या समाजाने पहिल्या दाराकडे धाव घेतली, आणि त्यात नवल नव्हते. ज्या अवजाराने पिढ्यान्पिढ्या एका जागी बांधून ठेवले, ते टाकून लेखणी धरणे हीच त्या पिढीस मुक्ती वाटली. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. तथापि तेव्हापासून एक गैरसमज दृढ झाला. आय.टी.आय. म्हणजे पुन्हा बलुतेदारी, असे आपण मानू लागलो.

वस्तुतः या दोहोंत मोठे अंतर आहे. बलुते जन्माने मिळे. प्रमाणपत्र परीक्षेने मिळते. बलुते गावाच्या शिवेपर्यंत चाले. प्रमाणपत्र कोणत्याही प्रांतात चालते. पूर्वी हात शिकत, पण 'का' हे कोणी सांगत नसे. फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांच्या वर्गात रेखाचित्र, मापन आणि गणित शिकवितात. तेथे कोणत्याही जातीचा मुलगा आणि मुलगी शेजारी शेजारी उभी राहतात.

'का' कळण्याचे मोल लातूर जिल्ह्याने फार जबर किंमत देऊन जाणले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे. भिंती ढासळल्या. परंतु कित्येक घरांतील खणांचा लाकडी सांगाडा, म्हणजे आपल्या सुतारांनी जोडलेले खांब आणि तुळया, तसाच उभा राहिला. पूर्वजांचा हात किती पक्का होता, याची ती साक्ष होय. पुनर्वसनाच्या वेळी मात्र पिढीजात हात पुरेना. भिंतीत भूकंपरोधक पट्टा का घालावा, कोपरे कसे बांधावेत, हे गवंड्यांस शिकवावे लागले. हात आणि शास्त्र एकत्र आले तरच घर टिकते, हा त्याचा धडा.

शासनासही हे उमगले नव्हते असे नाही. १९६६ च्या कोठारी आयोगाने सुचविले की, वीस वर्षांत दहावीनंतरच्या विद्यार्थ्यांपैकी निम्मे व्यवसाय-शिक्षणाकडे वळावेत. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने ते उद्दिष्ट १९९५ पर्यंत २५ टक्के असे खाली आणले. तेही साधले नाही. त्याच सुमारास लातुरात विज्ञान शाखेच्या कसून तयारीची 'लातूर पॅटर्न' म्हणून ख्याती झाली. त्यातून अनेक डॉक्टर व अभियंते घडले, याचा आम्हांस अभिमानच आहे. परंतु जी वाट काहींची, ती सर्वांची मानली गेली.

या चुकीत आमचाही वाटा आहे. १९९० च्या सुमारास आमच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. शाळेचे मोडके बाक तो मधल्या सुटीत दुरुस्त करी. गुण्या लावून पाहावा तर कोन बिनचूक. त्याचे वडील आय.टी.आय.चा अर्ज घेऊन सल्ला विचारावयास आले. "पुन्हा वाकसच हाती देता काय?" असे आम्ही त्यांस म्हणालो. त्यांनी म्हैस विकून मुलास लातुरास विज्ञान शाखेत घातले. बारावीस तो दोनदा नापास झाला आणि पुढे पुण्यास गोदामात हमाली करू लागला. काही वर्षांनी एका लग्नात भेटला, पाया पडला, एका शब्दाने बोल लावला नाही. आम्हांस त्या रात्री झोप आली नाही. आम्ही स्वतः शालान्त परीक्षेनंतर अध्यापनाची पदविका घेतली; म्हणजे आमचेही पोट धंदेशिक्षणावरच भरले. हे त्या दिवशी आम्हांस सुचू नये, याची खंत वाटते.

आज ही वाट बंद गल्ली राहिलेली नाही. आय.टी.आय.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास तंत्रनिकेतनाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेशाची सोय आहे. तेथून पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षास जाता येते. नांदेडात विष्णुपुरीचे गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ पासून आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावीपासूनच हस्तव्यवसायाची ओळख करून देण्याचे ठरविले आहे.

ज्ञातिबांधवांस आमची एवढीच विनंती की, अर्ज भरण्यापूर्वी मुलास व मुलीस एकदा कर्मशाळा दाखवावी आणि मग विचारावे. पुस्तकाची गोडी असेल त्याने महाविद्यालयात अवश्य जावे. हाताची गोडी असेल त्यास गुण चांगले असले तरी अडवू नये, आणि कमी गुणांची शिक्षा म्हणून कोणास तिकडे धाडू नये. पूर्वजांस निवड नव्हती. ती आपल्या मुलांस मिळाली आहे. आपण ती त्यांच्या हातून काढून घेऊ नये.

इत्यलम्.