विचारले तर सांगेन

शुक्रवार, १३ जुलै १९७३. वॉशिंग्टनमध्ये वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सिनेट समितीचे कर्मचारी बंद खोलीत अलेक्झांडर बटरफिल्ड यांची प्राथमिक चौकशी करत होते. मार्चपर्यंत बटरफिल्ड राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांचे निकटचे साहाय्यक होते; आता ते नागरी विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख झाले होते. रिपब्लिकन बाजूचे वकील डोनाल्ड सँडर्स यांनी विचारले, राष्ट्राध्यक्षांनी आपले बोलणे ध्वनिमुद्रित केले असावे अशी शंका जॉन डीन यांना आली आहे, तिला काही आधार आहे का? हा प्रश्न कुणी विचारणार नाही अशी आपल्याला आशा होती, असे बटरफिल्ड म्हणाले. आणि मग त्यांनी खरे ते सांगितले.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून रात्री वाचत आलो. वॉटरगेटच्या सुनावण्यांची इतिवृत्ते प्रथम हाती घेतली तेव्हा माझा नायक ठरलेला होता : जॉन डीन. व्हाइट हाउसचे हे विधी सल्लागार ३० एप्रिल १९७३ ला पदावरून दूर झाले आणि जूनच्या अखेरीस समितीसमोर त्यांनी २४५ पानांचे निवेदन वाचले. पण डीन स्वतः कटात सामील होते आणि त्यांना समितीकडून मर्यादित अभय मिळाले होते. शिवाय त्यांचा शब्द विरुद्ध राष्ट्राध्यक्षांचा शब्द, असाच मामला होता. तो पेच सोडवला तो बोलायला नाखूश असलेल्या माणसाने. सोमवारी, १६ जुलैला, बटरफिल्ड यांनी ध्वनिमुद्रण यंत्रणेची माहिती जाहीर सुनावणीत दिली. पुढे ध्वनिफितींसाठीचा झगडा सर्वोच्च न्यायालयात गेला. २४ जुलै १९७४ ला निकाल आठ विरुद्ध शून्य असा लागला आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले.

बटरफिल्ड यांनी मनाशी काय ठरवले होते? आपण होऊन सांगायचे नाही. पण कुणी थेट विचारले तर खोटे बोलायचे नाही. हा बाणेदारपणा नव्हे. पण सरकारी नोकरीत मुरलेल्या माणसाची नीती बहुधा इथवरच येते. म्हणून माझे लक्ष साक्षीदारावरून विचारणाऱ्यांकडे वळले.

ती समिती सिनेटने ७७ विरुद्ध ० मतांनी नेमली होती. मार्च १९७३ मध्ये निक्सन यांनी जाहीर केले होते, की आपले आजी-माजी सहकारी काँग्रेसच्या समितीसमोर औपचारिक साक्षीला सहसा जाणार नाहीत. समितीचे अध्यक्ष सॅम अर्विन यांनी अटकेचा इशारा दिला. २२ मे रोजी निक्सन यांनी माघार घेतली : संभाव्य गुन्ह्यांबाबतच्या साक्षीला विशेषाधिकाराची आडकाठी करणार नाही. हे दार उघडे झाले नसते, तर सँडर्स यांचा प्रश्नही बहुधा अडला असता.

आता ४६ वर्षे पुढे येऊ. डॉन मॅकगान हे डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी विधी सल्लागार. विशेष वकील म्युलर यांना हटवण्याची खटपट करायला आपल्याला सांगण्यात आले होते, हे त्यांनी तपासात सांगितले होते. प्रतिनिधीगृहाच्या न्यायविषयक समितीने समन्स काढले; व्हाइट हाउसच्या सांगण्यावरून २१ मे २०१९ ला मॅकगान यांची खुर्ची रिकामी राहिली. नोव्हेंबरमध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांनी हजर राहिले पाहिजे असा निर्णय दिला, तरी अपिले चालूच राहिली. ते बोलले ४ जून २०२१ ला, बंद दाराआड. तोवर ट्रम्प पदावर नव्हते.

माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांचे उदाहरण आणखी बोलके. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहाने बोलावले तेव्हा ते गेले नाहीत. जानेवारीत म्हणाले, सिनेटने समन्स काढले तर साक्ष देईन. ३१ जानेवारी २०२० ला सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी साक्षीदार बोलावण्यास नकार दिला. बोल्टन यांचे म्हणणे लोकांना जूनमध्ये, पुस्तकाच्या रूपाने विकत मिळाले. महाभियोगाचा निकाल फेब्रुवारीतच लागला होता.

याच चौकशीत जुलै २०१९ मध्ये व्हाइट हाउस सोडलेल्या फिओना हिल समन्सनंतर हजर झाल्या आणि बोलल्या. म्हणजे पळवाट होती, म्हणून प्रत्येकाने ती घेतलीच असे नाही. व्यक्तीची जबाबदारी पुसता येत नाही.

माझे वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. वरिष्ठांविरुद्ध चौकशी झाली, फायली वडिलांच्या हाताखालून गेलेल्या. त्यांना कुणी बोलावले नाही. निवृत्तीनंतरही ते म्हणत, “विचारलं असतं तर सांगितलं असतं.” तरुणपणी मला ती सबब वाटे, आणि मी त्यांना तसे तोंडावर बोललोही होतो. बटरफिल्ड यांची साक्ष वाचताना ते वाक्य पुन्हा ऐकू आले. वडील तेव्हा हयात नव्हते.

ती सबब नव्हती, असे आजही म्हणणार नाही. पण ती अर्धीच त्यांची होती. उरलेली अर्धी, ज्यांनी विचारायला हवे होते त्यांची. सत्तेवरच्या माणसाविरुद्ध बोलताना कचरणारे अधिकारी १९७३ मध्ये होते आणि २०१९ मध्येही. फरक पडला तो समोरचा प्रश्न टळू न देणाऱ्यांमुळे. सँडर्स स्वतः निक्सन यांच्या पक्षाच्या बाजूचे वकील होते, आणि तरीही त्यांनी विचारले.