प्रतिजैविकरोध
प्रतिजैविक औषधांना न जुमानण्याची जीवाणूंची क्षमता. ती उत्परिवर्तनाने येते. पण खरी डोकेदुखी प्लाझ्मिडची. डीएनएच्या या लहान वलयांमार्फत रोधक जनुके एका जातीच्या जीवाणूतून दुसऱ्या जातीत जातात. माणूस, कोंबड्या, मांस, सांडपाणी हे त्यांचे मार्ग. उदाहरणार्थ, अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी नदी घरगुती सांडपाणी व कारखान्यांचे रासायनिक पाणी वाहून नेते. असे प्रवाह रोधक जीवाणूंच्या प्रसाराला पोषक ठरतात. बदलापूरची उल्हास नदी तर पिण्याच्या पाण्याचा स्रोत. अखेरचा उपाय म्हणून राखलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबडीखाद्यात मिसळणे हा निव्वळ अविचार होता. केंद्र सरकारने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली. औषध नियमांच्या ‘अनुसूची एच-१’मधील प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याला तीन वर्षे जपावी लागते.