चाड्यावरची मूठ

तुम्ही केळणा नदीच्या काठी उभे आहात, पण गावाला अजून भोकरदन म्हणत नाहीत. हे भोगवर्धन, आणि राज्य सातवाहनांचं. समोर एक कारागीर मणी घासत बसलाय. मान वर करून बघायला त्याला सवड नाही. 1973च्या उत्खननात इथं मणी सापडतील आणि पाँपेईतल्या मूर्तीशी मिळतीजुळती एक हस्तिदंती स्त्रीही. हे पहिलं शतक; तिकडे गालीलमध्ये येशू एका व्यापाऱ्याचा दाखला सांगतोय: एक मोती मनात भरला आणि गड्यानं होतं नव्हतं ते विकून टाकलं. मण्यांच्या या गावाला तो लगेच पटला असता. पण तो इथवर पोचायला अठराशे वर्षं लागणार आहेत.

तेव्हा तुम्हीही चला. 1870 नंतरचा मृग, मुलूख मोगलाईचा, म्हणजे निजामाचा. जालन्याला अजून आगगाडी आलेली नाही, म्हणून भोकरदनहून बैलगाडीनंच हाडं खिळखिळी करून घ्यायची. जालन्याजवळ बेथेल नावाची नवी वस्ती आहे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून जमीन मिळवून ती रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी उभी केली. हे 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. इथं त्यांच्याभोवती जमलेत ते मात्र बहुतेक मांग. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या बैलांसाठी दोर वळलेले हात.

झाडाखाली एक उपदेशक पेरणाऱ्याचा दाखला सांगतोय. तुम्ही कडेला उकिडवे बसता. काही बी वाटेवर पडलं, पाखरांनी खाल्लं. काही खडकाळीत, काही काट्यांत. थोडं चांगल्या रानात पडलं आणि तीसपट, साठपट, शंभरपट झालं. तुमच्या शेजारचा म्हातारा तोंडातलं पान थुंकतो. "वाटंवर बी कसं पडंल? तिफण काय झोपंत हाणीत होता का?"

त्याचं काय चुकलं? तिफणीमागं चालणारी बाई चाड्यावर मूठ धरते, दाणे बोटांतून नळ्यांत, नळ्यांतून तासात. एकही दाणा उधळायचा नाही. गालीलमधला शेतकरी मात्र मुठीनं फेकून पेरायचा, हे इथं कुणाला ठाऊक? पण मला वाटतं, दाखला पुरता समजला तो या म्हाताऱ्यालाच. बी हिशेबानं टाकणारा माणूस असं उधळणार नाही. हा देव उधळतो. मांगवाड्यापर्यंत कुणी बी घेऊन येईल, असा हिशेब आजवर कोणी मांडला होता?

दाखला नवा असला तरी तऱ्हा नवी नाही. भोकरदन तालुक्यातल्या जाळीच्या देवाला, महानुभावांच्या या तीर्थाला, जाणाऱ्यांना दृष्टांत ऐकायची सवय आहे; महानुभाव केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’त हत्ती चाचपणारे आंधळे तेराव्या शतकापासून भांडताहेत.

पुढचा दाखला छोटा. माणूस बी टाकतो, रात्री निजतो, सकाळी उठतो. बी कसं वाढलं ते त्याला कळत नाही. जमीनच पीक देते. यावर कुणी हुज्जत घालत नाही. ज्वारी रुजते, पोटऱ्यात येते, निसवते, मग हुरडा; मधल्या रात्री ताटं ओढून ती लवकर वाढत नाहीत. भक्तीचं मोजमाप मागणाऱ्याला याहून सरळ उत्तर मला तरी सापडलेलं नाही. रोज उपटून मूळ बघणाऱ्याचं रोप जगत नाही.

मग निघतो गव्हातल्या निंदणाचा दाखला. मालक म्हणतो, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, निंदण उपटताना गहूही उपटेल. आता बायका उसळतात. उन्हात खुरपणी त्यांनीच केलेली असते.

"आन् तवर त्यानं रानाचा कस खाल्ला म्हंजी?"

उपदेशक सांगू पाहतो की हे माणसांबद्दल आहे. कोण गहू, कोण निंदण, हे आपण ठरवायचं नाही. एक जण चटकन विचारते, "गावानं आमाला काय ठरवलंय मंग?"

उपदेशक पुस्तक मिटतो आणि तिच्यासमोर खाली मातीत बसतो. खुरपणीपासून सुरू झालेला वाद पाटलाच्या वाड्यापर्यंत गेलाय, आणि तुमचा गाडीवान भोकरदनला परतायची घाई करतोय.