‘टेक’च्या रिकाम्या चौकटीत चित्र कसे आले

सप्टेंबर २००२ मध्ये तिरुवनंतपुरम येथे ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीच्या वापरकर्त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. परदेशी विज्ञान-नियतकालिकांची जुळणी तोवर केरळात होऊ लागली होती. त्या कामात समीकरणे टेक सहज पेलत असे. आकृत्यांची कथा मात्र निराळी आहे.

आपल्या ग्रंथातील गणिताची छपाई मनासारखी होईना, म्हणून डोनाल्ड नुथ यांनी १९७७ साली टेकची आखणी आरंभली. चित्र म्हणजे काय, हे टेकला ठाऊकच नाही. त्याला कळते ती केवळ चौकट: रुंदी, उंची आणि खोली. नुथ यांनी ‘स्पेशल’ ही आज्ञा तेवढी मोकळी ठेवली. तिच्यातील मजकुराचा अर्थ न लावता टेक तो छपाईच्या प्रोग्रॅमकडे सोपवते. ही उणीव नव्हे, संयम म्हणावा.

ईपीएस चित्राच्या फाइलमध्ये ‘बाउंडिंग बॉक्स’ नावाची ओळ असते. तिच्यात इंचाच्या ७२व्या भागांत मोजलेले चार आकडे. टेकला तेवढे पुरतात. त्यामुळे अवजड चित्र आकुंचित करून ठेवता येई आणि ही ओळ वेगळ्या छोट्या फाइलमध्ये काढून ठेवता येई. पान मांडताना चित्र उघडावेच लागत नसे. छपाईच्या टप्प्यावर ‘डीव्हीआयपीएस’ ते उलगडून घेई.

१९९०च्या दशकात हान थे थान्ह यांनी ब्रनोच्या मासारिक विद्यापीठात ‘पीडीएफटेक’ रचले आणि जुनी वाट अडली. ईपीएस चित्र हा पोस्टस्क्रिप्ट भाषेतील प्रोग्रॅमच असतो. तो चालवल्याविना चित्र उमटत नाही, आणि पीडीएफटेकला तो चालवता येत नाही. रूपांतर ‘घोस्टस्क्रिप्ट’कडून करवून घ्यायचे, तर लेखाच्या फाइलला संगणकावर अन्य प्रोग्रॅम चालवण्याची मुभा द्यावी लागते. अनोळखी लेखकाचे हस्तलिखित जुळवताना अशी मुभा देणे म्हणजे परक्याच्या हाती घराच्या किल्ल्या देणे. ‘टेक लाइव्ह’च्या २०१०च्या आवृत्तीने तोडगा अमलात आणला: निवडक प्रोग्रॅमांची यादी ठरली आणि तिच्यात ईपीएसचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला जागा मिळाली.

रूपांतरित प्रत ‘ईपीएस-कन्व्हर्टेड-टू’ अशा लांबलचक नावाने साठते. नाव बेढब खरे, पण लेखकाने स्वतः केलेली त्याच नावाची पीडीएफ त्यामुळे पुसली जात नाही. मूळ चित्र साठवलेल्या प्रतीहून नवे नसेल, तर पुन्हा रूपांतर न करण्याची सोयही आहे. ही तुलना केवळ तारखांची असते. फाइली हलवताना तारखा उलटसुलट झाल्या, तर नव्या निबंधात जुनाच आलेख निमूटपणे छापला जातो.