एका तारेवरून दोन तारांकडे : आपल्या सोसायटीतले इंटरनेट

स्मरणिका समितीने मला ‘सोसायटीतले इंटरनेट’ या विषयावर चार शब्द लिहायला सांगितले. पाण्याची टाकी, लिफ्ट, गणेशोत्सव यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. बँकेत शेवटची काही वर्षे मी शाखांच्या संगणकीकरणाचे काम पाहिले, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असावा.

आपण २००० साली ठाण्यात या इमारतीत राहायला आलो. त्याआधी पाच वर्षे, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले होते. आपल्या तिन्ही विंग मिळून तेव्हा जेमतेम पाच-सहा संगणक. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो किरकिर करत लागायचा आणि तोवर घरचा फोन एंगेज! वेग फार तर ५६ केबीपीएस. एक फोटो उघडेपर्यंत चहा उकळून व्हायचा.

दोन तारा एकत्र करून वेग वाढवायची कल्पना त्याच काळातली. ‘मल्टिलिंक पीपीपी’ ही पद्धत १९९४ मध्ये मांडली गेली, १९९६ मध्ये तिचे सुधारित रूप आले. आयएसडीएनच्या जोडणीत ६४ केबीपीएसच्या दोन वाहिन्या असत. त्या जोडल्या की १२८. विंडोज ९८ मध्ये तर दोन मोडेम आणि दोन फोनलाइन एकत्र करायची सोयच होती. पण दोन-दोन फोनची बिले भरणार कोण?

बँकेत मात्र दुसरी लाइन वेगळ्याच कारणासाठी आली. कोअर बँकिंगमुळे शाखेची लाइन तुटली की काउंटर ठप्प, आणि समोर पेन्शनरांची रांग. म्हणून लीज्ड लाइनच्या जोडीला आयएसडीएन किंवा व्हीसॅट राखीव ठेवत. ती वेगासाठी नव्हती, काम अडू नये म्हणून होती.

२००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ केबीपीएस ठरवला. २०२३ मध्ये तो २ एमबीपीएस झाला. फायबर आले, मोबाइलचे नेट स्वस्त झाले आणि घरोघरी नकळत दोन जोडण्या झाल्या. मग मुले विचारू लागली, “आजोबा, दोन्ही जोडले तर डबल स्पीड मिळेल का?”

उत्तर बँकेच्या भाषेत देतो. संगणकाला दोन जोडण्या दिल्या, तरी तो आपणहून त्यातली एकच वापरतो. दुसऱ्या खिडकीवर कॅशियर नुसता बसून. दोन जोडण्यांचा राउटर घेतला, तर रांग दोन खिडक्यांत वाटली जाते. घरातल्या चौघांना फायदा होतो, पण एकाच गिऱ्हाईकाचे पैसे काही दुप्पट वेगाने मोजून होत नाहीत. त्यासाठी त्याचे बंडल दोन कॅशियरना वाटून द्यावे लागेल आणि पलीकडे ते क्रमाने पुन्हा एकत्र करणारा कोणीतरी हवा. मल्टिलिंकमध्ये दोन्ही तारा एकाच कंपनीकडे जात, म्हणून ते जमे. आज एक जोडणी एका कंपनीची, दुसरी दुसरीची. मध्ये तिसऱ्या कुणाचा सर्व्हर घेतला तरच मेळ बसतो. २०१३ मध्ये ‘मल्टिपाथ टीसीपी’ आले. त्यात दोन्ही टोकांचे संगणकच हा हिशेब सांभाळतात, पण दोघांनाही ती भाषा यायला हवी. आणखी एक गोष्ट : राउटरने रांग वाटली की बँकेच्या वेबसाइटला कधी कधी एकच माणूस दोन पत्त्यांवरून आल्यासारखा दिसतो आणि ती लॉगआउट करते. त्यात तिचे चुकत नाही!

दुसऱ्या जोडणीची खरी किंमत आपल्याला लॉकडाउनमध्ये कळली. शाळा, ऑफिस, डॉक्टर सगळे त्या तारेवर. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई-ठाण्याची वीज गेली, तो दिवस सर्वांना आठवत असेल. घरात इन्व्हर्टर होते, लॅपटॉप चार्ज होते. पण इमारतीतल्या केबलच्या पेटीलाच वीज नव्हती. ज्यांनी दोन कंपन्यांची वायर घेतली होती, त्यांच्या दोन्ही बंद पडल्या, कारण दोन्ही पेट्या एकाच मीटर रूममध्ये. त्या दिवशी बी विंगमधल्या एका मुलीची नोकरीची पहिलीच मुलाखत होती. शेजारच्या काकूंच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ती पार पडली. नोकरी लागली, पेढे आपण सगळ्यांनीच खाल्ले.

यातून एकच गोष्ट घ्यायची. दोन बिले भरली म्हणजे दोन वाटा झाल्या असे नाही. दोन्ही वायर एकाच खड्ड्यातून येत असतील, तर रस्ता खोदणाऱ्याच्या एका घावात दोन्ही तुटतात. एक वायर आणि एक मोबाइल ही घरासाठी सगळ्यांत स्वस्त आणि शहाणी जोडी.

इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीचा विषय येत्या वार्षिक सभेत आहेच. केबलसाठी आज मागच्या गेटकडून एकच पाइप येतो. पुढच्या बाजूने दुसरा पाइप टाकावा आणि मीटर रूममधल्या पेट्यांना जनरेटरची लाइन द्यावी, असा ठराव मी मांडणार आहे. एकदा प्लास्टर झाले की पुन्हा भिंती फोडायला कोणी तयार होणार नाही. सभासदांनी आवर्जून यावे, शंका विचाराव्यात. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना शुभेच्छा!