वाऱ्यावरची मोटार आणि मुळशीचे पाणी

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौडच्या वाटेला लागले की बावधन, भूगाव आणि मग भुकूम अशी गावे ओळीने येतात. तोच रस्ता पुढे पिरंगुट आणि पौड मागे टाकीत मुळशीच्या धरणाकडे व ताम्हिणी घाटाकडे जातो. भुकूमच्या रस्त्याकडेला पंक्चर काढणाऱ्याच्या टपरीपाशी थांबण्याचा प्रसंग आमच्यावर एकदा आला. टपरीतला कॉम्प्रेसर धडधडत होता, त्याची टाकी हाताला कढत लागत होती. आणि चाकातली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरले तर ते गार पडत होते. दाबली की हवा तापते आणि सुटली की निवते, एवढीच ही गोष्ट. पण हवेवर चालणाऱ्या मोटारीचा सारा इतिहास या दोन स्पर्शांत सामावलेला आहे, असे आम्हांस त्या वेळी वाटले. त्या इतिहासाविषयी थोडे लिहावे असा विचार आहे.

फेब्रुवारी २००७ मध्ये टाटा मोटर्सने एमडीआय या कंपनीशी करार केल्याचे जाहीर झाले. शर्यतीच्या मोटारींची इंजिने घडविणारे फ्रेंच अभियंते गी नेग्र यांची ही कंपनी. टाकीत दाबून भरलेली हवा सिलिंडरात सोडायची, ती प्रसरण पावताना दट्ट्या ढकलते, आणि धुराड्यातून बाहेर पडते ती केवळ थंड हवा, अशी तिची कल्पना. पेट्रोलच्या दराने मध्यमवर्ग मेटाकुटीला आलेला तो काळ. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेला. साहजिकच 'आता गाडी हवेवर चालणार' ही वार्ता पुण्यात मोठ्या कौतुकाने वाचली गेली. पुढे मे २०१२ मध्ये, टाटांच्या दोन वाहनांत हे इंजिन चालवून पाहण्याचा पहिला टप्पा पूर्ण झाल्याचे कंपनीने सांगितले. नेग्र २०१६ मध्ये निवर्तले. टाटांची हवेवर चालणारी मोटार आजतागायत बाजारात आलेली नाही.

या अपयशावर हसणे सोपे आहे. परंतु ही कल्पना कोणा भोंदूची नव्हती आणि नवीही नव्हती. पोलिश वंशाचे अभियंते लुई मेकार्स्की यांच्या हवेच्या ट्रामगाड्या फ्रान्समधील नांत शहरात १८७९ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत रीतसर उतारू वाहत होत्या. हवा सुटताना इतकी थंड होते की तिच्यातील बाष्पाचे बर्फ होऊन इंजिन अडते. म्हणून मेकार्स्की ती हवा आधी तापलेल्या पाण्यातून नेत असत. भुकूमच्या टपरीत आमच्या बोटाला जे जाणवले, त्याच्याशी ते एकोणिसाव्या शतकातच झुंजत होते. त्याही आधी आल्प्स पर्वतातील फ्रेज्यूसचा बोगदा खोदताना, जो १८७१ मध्ये वाहतुकीस खुला झाला, खडक फोडणारी यंत्रे दाबलेल्या हवेवर चालविली गेली. आणि ती हवा दाबली जात होती डोंगरावरून कोसळणाऱ्या पाण्याच्या जोरावर. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी.

कारण मुद्दा इथेच आहे. पेट्रोल हे इंधन आहे. दाबलेली हवा हे इंधन नव्हे. ती साठवण आहे, कणगीसारखी. कणगीत दाणा उगवत नाही. शेतात पिकलेला दाणा तीत ठेवला जातो. हिशेबच मांडायचा तर, तीनशे लिटरची टाकी वातावरणाच्या तीनशे पट दाबाने भरली आणि तीतील हवा अगदी आदर्श रीतीने वापरली, तरी सुमारे चौदा युनिट काम मिळते. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. एक लिटर पेट्रोल जाळल्यास नऊ युनिटांच्या आसपास उष्णता निघते. पेट्रोलचे इंजिन त्यातील बहुतेक उष्णता वाया घालविते हे खरे, तरीही चाळीस लिटरच्या टाकीपुढे हवेची टाकी फार लहान ठरते. शिवाय ती भरताना जी वीज खर्ची पडते तिचा मोठा भाग कॉम्प्रेसर तापविण्यातच जातो. म्हणजे 'हवेवर चालणारी' मोटार वास्तविक विजेवरच चालते, तेही आडवळणाने. आणि वीज कुठून येते?

हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये. झ्यूल व्हेर्नने १८६३ च्या सुमारास लिहिलेली आणि १९९४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली एक कादंबरी आहे, 'विसाव्या शतकातील पॅरिस'. तीतील पॅरिसमध्ये दाबलेल्या हवेच्या बळावर आगगाड्या धावतात. पण व्हेर्न तेवढ्यावर थांबत नाही. ती हवा शहराखालच्या जुन्या भुयारांत साठविलेली आहे आणि शहराबाहेरच्या माळावरील पवनचक्क्या ती दाबीत आहेत, हेही तो सांगतो. कल्पित नगरीचा लेखक शक्तीचा उगम सांगावयास विसरला नाही. २००७ मधील आमच्या वार्तांना मात्र त्याचा विसर पडला.

भुकूमवरून जाणारा रस्ता याच उगमाकडे जातो. टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून खोपोलीला १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली होती. त्यानंतर मुळा व नीला या नद्यांच्या संगमापाशी धरण बांधायचे, एरवी पूर्वेला जाणारे पाणी पश्चिमेला वळवून सह्याद्रीचा कडा उतरवायचे, भिरा येथे त्यावर वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची असे ठरले. ही वीजही स्वच्छच होती. तिला धूर नव्हता, राख नव्हती. मुंबईच्या गिरण्यांना कोळशापासून सुटका देणारा तो त्या काळचा 'पर्याय' होता. त्यासाठी मुळशी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांचा सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते या लढ्यात. विनायकराव भुस्कुटे हे त्यांचे प्रमुख सहकारी. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला आहे त्यातून एक अप्रिय गोष्टही दिसते. खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांच्या हाती गेलेली होती. त्यांचे लक्ष नुकसानभरपाईच्या आकड्यावर होते; कसणाऱ्यांचे जमिनीवर. जमीनदाराला मोबदला परवडत होता, कुळाला तो मिळणारच नव्हता. लढा १९२४ पर्यंत चालला आणि मोडला. बापटांना दीर्घ कारावास झाला. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली.

तेव्हा आमचे म्हणणे असे नाही की हवेची मोटार हे ढोंग होते, किंवा धरणे बांधूच नयेत. दिवे आम्हांलाही हवे आहेत. हा मजकूरही विजेवरच लिहिला जात आहे. म्हणणे इतकेच, की 'पर्यायी इंधन' हा शब्द वाचताना कर्ता कोण आणि कर्म कोण हे व्याकरणातल्याप्रमाणेच विचारावे. भिरा येथेच पुढे असा संच बसविला गेला की जो रिकाम्या वेळी खालचे पाणी विजेने पुन्हा वर चढवतो आणि गरजेच्या वेळी खाली सोडतो. तीही साठवण, टपरीतल्या टाकीसारखीच, फक्त डोंगराएवढी. पुण्यात २०१९ पासून विजेच्या बसगाड्याही धावू लागल्या. त्या रस्त्यावर धूर सोडत नाहीत ही मोलाची गोष्ट आहे. पण महाराष्ट्राची बरीचशी वीज अजून चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी कोळसा जाळून होते, आणि तिथला धूर पुण्याच्या खिडकीतून दिसत नाही.

यंत्रांचा इतिहास सहसा संशोधकाच्या नावापासून सुरू होतो आणि बाजारात संपतो. त्या चौकटीत नेग्र, मेकार्स्की, टाटा बसतात. पाण्याखाली गेलेल्या गावांतील कुळे बसत नाहीत. हवेच्या मोटारीची गोष्ट नांतपासून पिंपरीपर्यंत सांगितली तर ती एका फसलेल्या युक्तीची गंमत होते. तीच मुळशीपासून सांगितली तर आपल्या भाषेतला एक जुना वाक्प्रचार आठवतो: माणसांना वाऱ्यावर सोडणे. गाडी वाऱ्यावर चालो वा न चालो, कोणाला वाऱ्यावर सोडून ती चालणार आहे, हे आधी विचारले पाहिजे.

पंक्चर निघाले, चाकात हवा भरली गेली. पैसे देताना आमची नजर कॉम्प्रेसरच्या वायरीकडे गेली. ती टपरीमागच्या खांबावर चढली होती. तिथून पुढे ती कुठवर जाते हे डोळ्यांना दिसत नाही; ते शोधण्याचे काम इतिहासाचे. असो.